दुधाच्या पगाराची एक्सेल फाइल उघडत नाही, आकडे वाचवायचे आहेत

दूधसंस्था_सचिव
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पशुखाद्याची कपात, उचल, सगळं एकाच फाइलमध्ये आणि फाइल पेनड्राइव्हवर. काल सेव्ह होत असतानाच लाईट गेली. आता 'फॉरमॅट किंवा एक्स्टेन्शन बरोबर नाही' एवढंच येतं. शेजारी '~$' ने सुरू होणारी छोटी फाइल दिसते, तिच्यात काही मिळेल का? लेखापरीक्षकांना मेल केलेली गेल्या महिन्याची प्रत आहे, पण त्यात या दहा दिवसांचे आकडे नाहीत. परवा उत्पादकांना दुधाचा पगार वाटायचा आहे. फॅट ३.५ चा ३.८ झाला तरी दर बदलतो, त्यामुळे अंदाजाने पगार काढणं मला पटत नाही. लोकांच्या घामाचे पैसे आहेत.

तालुक्याचा_संगणकवाला
पेनड्राइव्हवर आता काहीही सेव्ह करू नका. फाइलची प्रत कॉम्प्युटरवर घ्या आणि जे करायचं ते प्रतीवरच करा. '~$' वाली फाइल म्हणजे मूळ फाइल कोणी उघडली आहे याची नुसती खूण. जेमतेम १६५ बाइटची असते, आत आकडे नसतात. एक्सेलमध्ये ओपन, ब्राउज, फाइल निवडा आणि ओपन बटणाशेजारच्या बाणावरून 'ओपन अँड रिपेअर' घ्या. नाही जमलं तर तिथेच 'एक्स्ट्रॅक्ट डेटा'. एक्सेल अधूनमधून आपोआप ठेवतं ती ऑटोरिकव्हरची प्रत कॉम्प्युटरच्या डिस्कवर असते, तीही बघा.

दूधसंस्था_सचिव
दोन्ही करून पाहिलं, नाही झालं. ऑटोरिकव्हर बंदच होतं.

अक्षरजुळणी
दादा, धीर सोडू नका, तुमच्या फाइलमधून बरंच निघेल असं मला वाटतं. प्रत नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला पी आणि के ही दोन इंग्रजी कॅपिटल अक्षरं दिसली तर पुढे जा. सगळं कोरंच असेल तर त्या फाइलमध्ये काही उरलेलं नाही.

एक्सएलएसएक्स, म्हणजे तुमची एक्सेल फाइल, ही खरं तर झिप फाइल, अनेक छोट्या फाइलींचं एक गाठोडं. तिची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी असते. सेव्ह अर्धवट राहिलं की शेवट तुटतो आणि एक्सेल हात वर करतं, पण सुरुवातीचा भाग बहुतेक शाबूत असतो. प्रतीचं एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा भाग) झिप करा आणि सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडा. इशारा आला तरी 'वर्कशीट्स' फोल्डरमधली शीटची फाइल बाहेर काढा.

आता महत्त्वाचं. लिटर, फॅट, रक्कम हे आकडे शीटमध्येच लिहिलेले असतात. नावं मात्र 'शेअर्ड स्ट्रिंग्ज' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, ती झिपमध्ये मागे असते आणि तुटते ती बहुधा तीच. शीटमध्ये नावाच्या जागी फक्त त्या यादीतला क्रमांक असतो. लेखापरीक्षकांकडच्या फाइलचीही एक प्रत घ्या, तिच्यातली शीट काढून तिथे ही वाचलेली शीट त्याच नावाने ठेवा आणि एक्सेलमध्ये उघडा. 'दुरुस्त करू का' विचारलं तर हो म्हणा. आकडे दिसतील, पण नावांवर अजिबात विश्वास ठेवू नका. यादीचा क्रम बदललेला असेल तर एकाच्या दुधापुढे दुसऱ्याचं नाव येईल आणि एक्सेल चकार शब्द बोलणार नाही. नावांचा कॉलम पुसा आणि उत्पादक कोडवरून व्हीलुकअपने (कोड शोधून त्यापुढचं नाव आणणारं एक्सेलचं सूत्र) परत भरा.

दूधसंस्था_सचिव
आलं! दहाही दिवसांचं लिटर-फॅट आलं. नावं खरंच इकडची तिकडे होती, कोडवरून परत भरली. एकच शंका, तारखेच्या जागी पाच आकडी संख्या दिसतात. आणि शेवटच्या संध्याकाळच्या काही ओळी नाहीत.

अक्षरजुळणी
फार बरं वाटलं. एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत ठेवतं, ४६०२३ म्हणजे १ जानेवारी २०२६. कॉलम निवडून फॉरमॅट सेल्समध्ये 'डेट' करा. राहिलेल्या ओळी फॅट मशीनच्या पावत्यांवरून भरा आणि वाटपाआधी रोजची लिटरची बेरीज टँकरच्या चलनाशी ताडून बघा.