काफ्काशी मनातल्या मनात बोलावं का?

पानवेडी: काल रात्री लेखक फ्रान्झ काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस', म्हणजे ग्रेगॉर नावाचा माणूस सकाळी उठतो तर किडा झालेला असतो ती गोष्ट, तिसऱ्यांदा संपवलं आणि झोपच येईना, मग मनातल्या मनात त्याच्याशीच बोलत बसले. पहिला प्रश्न कव्हरचा. १९१५ साली पुस्तक निघत होतं तेव्हा त्याने प्रकाशकाला कळवलेलं की कव्हरवर किडा काढू नका, लांबून दिसेल असाही नको. का रे बाबा? उत्तर शोधायला परत पहिलं पान उघडलं तर लक्षात आलं, ग्रेगॉरला स्वतःचं पोट दिसतं, वळवळणारे पाय दिसतात, बास, अख्खा किडा त्यालाही दिसत नाही. मी तर म्हणते प्रत्येकाने असं बोलून बघावं. तुम्ही कोणाशी बोलता?

सरळरेषा: सॉरी, अजिबात पटलं नाही. उत्तर तुम्हीच देणार आणि नाव त्याचं लावणार. ज्या माणसाने आपल्या मित्राला, मॅक्स ब्रॉडला, लिहून ठेवलं की मी गेल्यावर माझी हस्तलिखितं, डायऱ्या, पत्रं सगळं न वाचता जाळ, त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायची? ब्रॉडने जाळलं नाहीच, १९२५ला त्यातली 'द ट्रायल' ही कादंबरी छापली. मर्जीविरुद्ध एवढं झालंय, आता निदान गप्प तरी राहू द्या त्याला.

उंबरठा: मग तुमच्या हिशोबाने 'द ट्रायल' पण वाचायला नको! ब्रॉड म्हणतो की मी जाळणार नाही हे काफ्काला तोंडावर सांगितलं होतं, तरी हे काम त्याने दुसऱ्या कोणाला दिलं नाही. याचा काही अर्थ लावाल की नाही?

पानवेडी: सरळरेषा, तुम्ही गप्प म्हणालात म्हणून सांगते. १९२४ साली, शेवटच्या आठवड्यांत, घशाच्या क्षयामुळे डॉक्टरांनी त्याला बोलायची मनाई केली होती, तेव्हा तो चिठ्ठ्या लिहून बोलायचा. त्यातल्या बऱ्याच राहिल्यात, समोरचे काय म्हणाले ते मात्र गेलं. एका चिठ्ठीत पिओनीच्या फुलांची काळजी, नाजूक असतात म्हणून. एकीत लायलॅक (हेही फूलच), मरता मरतासुद्धा पाणी पितोय म्हणून कौतुक, आणि याला स्वतःला घोटभर पाणी गिळताना जीव जात होता हो. असं वाचताना समोरच्याचं वाक्य मनात आपोआप तयार होतं. मी त्याचं उत्तर रचत नाही, आपला प्रश्न रचते.

सरळरेषा: प्रश्न तुमचा आणि शब्द त्याचे, एवढं असेल तर चालेल. पण 'काफ्का आज असता तर हेच म्हणाला असता' असं जे लोक बिनधास्त ठोकून देतात त्याला माझा विरोध कायम. चिठ्ठ्या कुठे मिळतील?

पानवेडी: मित्रांना, घरच्यांना लिहिलेल्या पत्रांच्या इंग्रजी संग्रहात, अगदी शेवटी. पण आधी पत्रं वाचा, थेट शेवटाला जाऊ नका प्लीज.