आपत्तीनंतर घर सावरणाऱ्या बाईला कागदावर जागा कशी मिळेल?

प्रश्न (कळंब, जि. धाराशिव)

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्याकडचे सोयाबीन तर गेलेच, पण नदीकाठच्या शेतांतली मातीही खरडून गेली. धान्य उंचावर हलवणे, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढणे, ओल्या घरात पुन्हा चूल पेटवणे हे सारे बहुतेक घरांत बायकांनीच निभावले. पंचनाम्याच्या वेळी मात्र विचारणा पुरुषांकडेच झाली, कारण सातबारा त्यांच्या नावावर होता. पुढच्या संकटाआधी आमच्या बचत गटाने नेमके कोणते काम हाती घ्यावे?

उत्तर १ (उमरगा)

ताई, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे (मातीची सपाट छपरे) झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि जवळजवळ ८,००० जीव गेले. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनीच घरे दुरुस्त व मजबूत करायची होती आणि तिथे महिला मंडळांतल्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. भिंतीत आरपार दगड का घालावा, माळवदावरच्या मातीचे ओझे का कमी करावे, अनुदान कसे मिळते, हे समजून घेऊन त्या घरोघरी सांगत. बायकांच्या कष्टांचे कौतुक नेहमीच होते, पण इथे त्यांना कामाचा अधिकार मिळाला होता आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. तुमच्या गटानेही ग्रामसभेत ठराव मांडून पंचनाम्याच्या वेळी गटातील दोघींना सोबत ठेवण्याची मागणी करावी.

उत्तर २ (लातूर, महसूल खात्यातून निवृत्त)

‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेनुसार पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा. पती वारलेल्या भगिनींची वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्यावी, कारण मदत खातेदाराच्या नावाने निघते आणि फेरफार (नावबदलाची नोंद) नसल्यामुळे ती नेमकी गरजेच्या वेळी अडकून पडते. सासरच्या मंडळींत वाटणीचा वाद असेल तर अर्ज तोंडी न देता लेखी द्यावा व पोच घ्यावी.

उत्तर ३ (निलंगा)

वरील दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, पण मदत हाती येईपर्यंत घराने खायचे काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या भागात काही स्त्रियांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतले असून त्यात त्या ज्वारी, डाळी आणि भाजीपाला अशी मिश्र पिके घेतात. निव्वळ सोयाबीनवर विसंबलेल्या घराच्या तुलनेत अशा घरात निदान काही धान्य शिल्लक राहते, आणि त्या तुकड्यात काय पेरायचे ते बाईच ठरवते.

एक काळजी मात्र मनापासून सांगते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात गावागावांत टँकरपुढच्या रांगेत बहुतांश बायका आणि मुलीच होत्या. सज्जतेच्या नावाखाली त्यांच्यावर आणखी कामे लादली जाऊ नयेत, म्हणून गटाच्या बैठकीला घरचे पुरुषही बोलवा आणि रात्री पूर आला तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार, जनावरे कोण सोडणार, हे त्यांच्यासमोरच ठरवून घ्या.