खर्चाची वही आईकडे, मग सत्ता कोणाकडे?

पहिलंवर्ष
समाजशास्त्राचं माझं पहिलंच वर्ष. कुटुंब आणि सत्ता या प्रकरणात अडकले आहे. समोरच्याचा विरोध असतानाही आपलं म्हणणं तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता, ही मॅक्स वेबरची व्याख्या कळली. पण ती घरात लावायची कशी? वर्गात सांगितलं, निर्णय कोण घेतं ते मोजा. महिनाभर मोजले. आईचे निर्णय बाबांच्या तिप्पट भरले! काय आणायचं, कोणाला डॉक्टरकडे कधी न्यायचं, सगळं तीच ठरवते. खर्चाची वहीही तिच्याकडे. पण महिनाअखेरीला बाबा वही मागतात, पानं उलटतात, एखाद्या आकड्यावर बोट ठेवून "हे काय?" एवढंच विचारतात. आई उभ्या उभ्या खुलासा देते. बाबांचा पगार किती, हे मात्र तिला माहीत नाही. माझी मोजणी चुकली की व्याख्या?

निवृत्त_शिक्षिका
तू मोजलंस ते बरोबरच आहे गं, पण सगळ्या निर्णयांना सारखंच वजन दिलंस. ब्लड आणि वुल्फ यांच्या 1960 च्या अभ्यासावर हीच टीका झाली. त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉईट भागात 900 हून अधिक बायकांना आठ निर्णयांबद्दल विचारलं. नवऱ्याने कुठली नोकरी धरायची आणि आठवड्याच्या जेवणखाणावर किती खर्च करायचा, दोन्ही एकाच मापाने मोजलं. आणि विचारलं फक्त बायकांना, नवऱ्यांना नाही.

पुढे साफिलिओस-रॉथशील्ड या अभ्यासिकेने एक फरक दाखवला, तो तुझ्या घराला नेमका लागू पडतो. चौकट आखणारी सत्ता वेगळी आणि त्या चौकटीत राबवणारी वेगळी. पहिलीला वेळ फारसा लागत नाही, पण घर कसं चालायचं ते तीच ठरवते. दुसरीत दिवस जातो. वही आईकडे आहे, पण हिशेब कोण कोणाला देतं ते बघ. बाबांची पगाराची चिठ्ठी मागून कोणी त्यावर बोट ठेवतं का?

सरळबोल
पण जो कमावतो तो विचारणारच. यात विषमता कुठे आली?

निवृत्त_शिक्षिका
ब्लड-वुल्फचंही तेच म्हणणं होतं, ज्याच्याकडे साधनं जास्त त्याचं चालतं. तसं असतं तर बाई कमावू लागल्यावर घरकाम निम्मं वाटलं गेलं असतं. समाजशास्त्रज्ञ हॉकशील्ड यांनी 1989 मध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्यांबद्दल लिहिलं. त्यांना दिसलं ते असं की, कामावरून घरी आलेल्या बाईची घरकामाची दुसरी पाळी सुरू होते. म्हणजे पैशाच्या पलीकडे काहीतरी आहे. कुठलं काम कोणाचं, हे आधीच ठरून गेलेलं असतं. सत्तेची पहिली बाजू म्हणजे तू मोजलेस तसे उघड निर्णय, दुसरी म्हणजे विषयच चर्चेला न येऊ देणं. 1974 मध्ये अभ्यासक स्टीव्हन ल्यूक्स यांनी तिसरी बाजू मांडली ती याच्याशी जुळते. माणसाच्या मनात तक्रार उगवूच नये, अशीही सत्ता असते. तुझ्या आईला पगार विचारावासाच वाटला नसेल.

पहिलंवर्ष
मॅडम, काल रात्री आईला विचारलं. ती वहीत बेरीज करत होती. मान वर न करता म्हणाली, "वाटलं नाही कसं? लग्नानंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तू लहान होतीस. मग सोडून दिलं."

म्हणजे तक्रार उगवली होती. तिने ती गिळली. ही ल्यूक्सची तिसरी बाजू नाही वाटत मला.

निवृत्त_शिक्षिका
नाहीच. मी तुझ्या आईच्या मनाबद्दल तिला न विचारताच बोलले, ते चुकलं. ही दुसरी बाजू. बॅक्रॅक आणि बॅरॅट्झ यांनी 1962 मध्ये मांडलेली. विषय चर्चेला येऊच द्यायचा नाही, म्हणजे निर्णय घ्यायची वेळच येत नाही. तुझ्या मोजणीत हे दिसणार नव्हतं, कारण मोजायला काही घडलंच नाही. प्रकल्पात तो अबोल्याचा आठवडा लिही. पण आधी आईची परवानगी घे.

पहिलंवर्ष
घेतली. म्हणाली, "लिही. बाबांनाही वाचायला दे."