सरसकट काळ मागे ढकलायची गरज नाही

इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना (इनडायरेक्ट स्पीच) 'ही सेड' आलं की आतलं क्रियापद दरवेळी भूतकाळात न्यायचंच का, असा प्रश्न आहे. नाही, दरवेळी नाही. आमच्याकडे लातूर-नांदेडला पोरं काळ बदलायचा तक्ता घोकतात आणि डोळे झाकून 'इज'चं 'वॉज' करतात, याचं फार वाईट वाटतं.

'द गोदावरी फ्लोज थ्रू नांदेड' हे वाक्य घ्या. सरांनी काल सांगितलं, पण नदी आजही वाहतेच. म्हणून 'सर सेड दॅट द गोदावरी फ्लोज थ्रू नांदेड' अगदी बरोबर. 'फ्लोड'ही चूक नाही, पण परीक्षेत अशा कायमच्या गोष्टीला वर्तमानकाळच ठेवा. 'मराठवाडा बिकेम फ्री इन 1948' यात तर साल दिलंय, तिथं 'हॅड बिकम' कशाला?

'विल'चं मात्र बघावं लागतं. 'आय विल कम टुमॉरो' असं मामा मागच्या आठवड्यात म्हणाले असतील तर 'ही वुड कम द नेक्स्ट डे'. आज सकाळीच म्हणाले असतील तर 'ही विल कम टुमॉरो' चालतं.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत 'मामा म्हणाले की मी उद्या येतो' असंच बोलतात, 'मी' तसाच राहतो. म्हणून पोरं 'मामा सेड दॅट आय विल कम' लिहितात आणि येणारा मामाऐवजी भाचाच होतो. आधी सर्वनाम पक्कं करून घ्या, काळ त्यानंतर.