एमिनेमनं आता थांबावं का?

लष्करवासी (धागाकर्ता)
आमच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो: त्यानं थांबू नये. तो थांबला नाही म्हणूनच त्याचे जुने चाहते टिकलेत.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन रॅपर, खरं नाव मार्शल मॅथर्स, जन्म 17 ऑक्टोबर 1972, वाढला डेट्रॉइटमध्ये. नववीत तीन वर्षं गटांगळ्या खाल्ल्या आणि सतराव्या वर्षी शाळेला रामराम ठोकला. 1996 च्या पहिल्या अल्बमकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग डॉक्टर ड्रे या निर्मात्याच्या कानावर त्याची गाणी गेली आणि चित्रच पालटलं. 2000 सालच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात 17 लाखांवर प्रती खपल्या.

आपल्या ग्वाल्हेरला तो आला कॅसेटमधून. 2002-03 चे दिवस आठवा, लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा (सरकार गेलं ते काय उगाच?). अंधारात वॉकमनमध्ये दोन पेन्सिल सेल घालून ऐकायचो. सेल उतरायला लागले की एमिनेम द्रुतातून थेट विलंबितात यायचा. निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, पण कुणीतरी खरंखुरं चिडलंय एवढं कळायचं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. 2006 मध्ये त्याचा जिवलग मित्र प्रूफ गोळीबारात गेला. 2007 च्या डिसेंबरात हा स्वतः मेथाडोन या अफूसारख्या औषधाच्या अतिसेवनानं मरता मरता वाचला. एप्रिल 2008 पासून नशेला शिवलेला नाही. आणि यातलं काहीच त्यानं झाकून ठेवलं नाही, सगळं गाण्यात आणलं. 2009 चा स्वतःचा अल्बम फसला होता, हेसुद्धा त्यानं पुढच्याच वर्षी गाण्यातून कबूल केलं. असा माणूस वीस-पंचवीस वर्षं ऐकला की तो घरातला होतो.

मुरारची मैना
धागाकर्त्यांनी सोयीचं तेवढंच लिहिलंय. 2000 च्या त्याच अल्बममध्ये बायकोचा खून करतानाचं एक अख्खं गाणं आहे, ते राहिलं वाटतं? आईवर इतकं घाण बोलला की तिनं 1999 मध्ये त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. माफीचं गाणं आलं 2013 ला. म्हणजे चव्हाट्यावर आईची लाज काढायची, त्यावर करोडो कमवायचे, आणि सावकाश माफी मागून पुन्हा टाळ्या घ्यायच्या. बूंद से गई वो हौद से नहीं आती, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

लष्करवासी
मैनाताई, स्लिम शेडी हे त्यानं उभं केलेलं पात्र आहे. पात्राच्या तोंडचं सगळं लेखकाच्या माथी मारायचं का?

मुरारची मैना
पात्र म्हणे! खलनायक आम्हीही नाटकात पाहतो हो. पण नाटककार त्याच्या खऱ्या बायकोचं नाव घेऊन तिला रंगमंचावर मारत नाही. समलिंगींवरचीही तीच गत. 2001 च्या ग्रॅमीत एल्टन जॉन या समलिंगी गायकाबरोबर गाऊन गळ्यात गळा घातला, आणि 2018 च्या अल्बममध्ये पुन्हा तीच शिवी. मग मुलाखतीत ‘जरा जास्तच झालं’. शेडी बोलला की मार्शल बोलला, हे दर वेळी सोयीनं ठरतं.

घराणेदार
मी रॅपला गाणं मानत नाही, हे आधी नोंदवतो. तरी नातवामुळे थोडं कानावर पडतं.

मुद्दा वयाचा आहे, त्यावर बोलू. आपल्या गावचे ख्यालगायक कृष्णराव शंकर पंडित 1893 चे, गेले 1989 ला. ख्यालात वय वाढलं की गळ्याचा पल्ला कमी होतो, दम तुटतो, पण मांडणी पिकत जाते. समेवर कसं यायचं हे म्हाताऱ्याला जास्त कळतं, म्हणून लोक बसून ऐकतात. या रॅपमध्ये सगळा खेळ दमाचा आणि जिभेचा. नातू कौतुकानं सांगतो की याच्या ‘रॅप गॉड’मध्ये 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द आहेत आणि त्याचा गिनीज विक्रम झाला. झाला असेल. पण ज्या कलेचं मोजमाप शब्दांच्या संख्येनं होतं, ती म्हातारपणी काय करणार?

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. 2022 मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा भाषणात त्यानं ज्यांच्याकडून शिकलो त्या रॅपरांची शंभरावर नावं कागदावरून वाचून दाखवली. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो, त्यातलाच हा प्रकार. असा माणूस आता शिष्य तयार करायला बसला तर शोभेल. मंचावर पोरांशी शर्यत कशाला?

बाड्यावरचा
अण्णा, नमस्कार. शिष्य तो करून बसलाय, फिफ्टी सेंट या रॅपरला पुढे आणण्यात ड्रेबरोबर त्याचाही हात होता.

पण धाग्याशी असहमत. मी 2001 चा, कॅसेट फक्त फोटोत पाहिलीय. जुलै 2024 चा अल्बम ऐकला आणि कंटाळलो. ‘हुडिनी’ या गाण्याचा व्हिडिओ काय, तर 2002 मधला सुपरहिरोचा पोशाख पुन्हा अंगात आणि तरुणपणीचा शेडी समोर उभा. डेट्रॉइटात ‘मॉम्स स्पॅगेटी’ नावाचं खाण्याचं दुकानही काढलं, कारण जुन्या गाण्यात ते शब्द आहेत. जुनाच माल नव्या कागदात बांधून देताहेत राव! तुम्हा लोकांना एमिनेम आवडतो की स्वतःचं अकरावी-बारावीचं वर्ष, हे एकदा तपासा.

लष्करवासी
बाड्यावरच्या, त्याच दुकानाची गोष्ट अर्धी सांगितलीस. सप्टेंबर 2021 मध्ये ते उघडलं तेव्हा रांगेतल्या पहिल्या लोकांना खिडकीतून डबे द्यायला एमिनेम स्वतः उभा होता. किती मोठे लोक हे करतात?

दालबाजार ते पुणे
उद्घाटनाला फीत कापणारे नेतेही एक दिवस भजी तळतात, म्हणून काय झालं :)

सगळे ‘नातं, नातं’ करताय म्हणून लिहिते. त्याचं ‘स्टॅन’ हे गाणं नीट ऐकलंय ना? चाहता पत्रांवर पत्रं पाठवतो, उत्तर येत नाही, शेवटी गर्भार मैत्रिणीला डिकीत कोंडून गाडी पाण्यात घालतो. गायक समजूतदार उत्तर लिहायला बसतो तोवर सगळं संपलेलं असतं. चाहत्यांनी जवळ यावं असं वाटणाऱ्यानं हे लिहिलं असतं का? 2013 मध्ये तर त्याच चाहत्याचा धाकटा भाऊ सूड घ्यायला येतो असं दुसरं गाणं केलं. त्यानं दारावर पाटी लावलीय आणि तुम्ही तिचंच कौतुक करताय. माझ्या मते हा माणूस थोर लेखक आहे, पण घरातला वगैरे अजिबात नाही.

लष्करवासी
मान्य नाही. माझा मामेभाऊ व्यसनमुक्ती केंद्रात होता तेव्हा घरच्यांचं, समुपदेशकाचं, कुणाचंच ऐकत नसे. 2010 चा अल्बम मात्र ऐकायचा. 2024 च्या एप्रिलमध्ये एमिनेमनं नशा सोडून सोळा वर्षं पूर्ण झाल्याच्या पदकाचा फोटो टाकला, तो यानं मला रात्री दीडला पाठवला. सोबत एक अक्षर नाही. आज तो दुकान सांभाळतो. याला एकतर्फी म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

मुरारची मैना
भाऊ सावरला, आनंद आहे. पण त्याचं श्रेय त्याला द्या, आणि ज्या मामींनी त्याला केंद्रात नेऊन दाखल केलं त्यांना द्या. आईला वीस शिव्या देणाऱ्या माणसाला कशाला?

घराणेदार
नातवाकडून ते 1,560 शब्दांचं प्रकरण पुन्हा ऐकलं. श्वास कुठे चोरतो ते काही सापडलं नाही. तरी मत तेच, हे तरुणपणीचं काम.

लष्करवासी
अण्णा, ते गाणं 2013 चं. गडी तेव्हा चाळिशीत होता.

घराणेदार
मग तरुणच की. चाळिशीत आमच्याकडे जेमतेम तालीम संपते.