धाडस कुठे संपले? तुमचा अनुभव सांगा

सिंहगड डोळ्यांसमोर ठेवून वाढलेल्या पुणेकरांना डोंगराचे अप्रूप नाही, तरी पावसाळा लागला की अपघातांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांवर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारे भरभरून लिहितात. येथे मात्र धाडस संपून आततायीपणा कुठे सुरू झाला, याचा प्रत्येकाने स्वतःचाच अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

लोणावळ्याजवळच्या तैलबैलाची उभी कातळभिंत चढणाऱ्याला खालून पाहणारे वेड्यात काढतात. पण हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा), कातळात ठोकलेल्या दोन स्वतंत्र बोल्टांवरचा अँकर (दोराचा आधार) आणि बिले देणारा, म्हणजे पडल्यास दोर रोखून धरणारा, जागरूक सोबती असला, की त्या चढाईतला धोका बराचसा मोजलेला असतो. माझी चूक भिंतीवर नव्हे, तर पायथ्याच्या सपाट जमिनीवर झाली. आठाची गाठ बांधून दोराचे टोक हार्नेसमधून ओवले, तेवढ्यात कोणीतरी डब्यात काय आहे असे विचारले, मी उत्तर दिले आणि ते टोक गाठीतून उलटे फिरवायचे राहूनच गेले. सोबत्याने तपासणीसाठी गाठ हातात धरून ओढली, तर दोर हार्नेसमधून सरकन निघून त्याच्या हातात आला. आम्ही दोघेही काही बोललो नाही. ‘आपल्यात काय तपासायचे’ म्हणून ती तपासणी टाळली असती, तर तीच चढाई शुद्ध आततायीपणा ठरली असती.

आलेले अनुभव असे.

धनकवडीहून : कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक मी जुलैत एका व्यावसायिक गटाबरोबर केला. आम्ही साठ जण, लीडर दोन आणि तिघांत मिळून एक विजेरी. पहिल्याच मोठ्या उतारावर सुट्या दगडमातीचा घसारा पायाखालून निसटू लागला, तेव्हा मी परतायचे म्हटले. लीडर म्हणाला, “ताई, आता मागे-पुढे सारखंच आहे.” ते खोटे आहे हे मला कळत होते, पण पैसे भरलेले होते आणि बाकीचे पुढे चालले होते. तासाभराने घोटा मुरगळला.

वारज्याहून : लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच परिसरातल्या एका ओढ्यात कॉलेजात असताना आम्ही उभे राहिलो होतो, आणि त्याला धाडस म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. एकाएकी पाणी गढूळ झाले, काटक्या आणि पाला वाहत येऊ लागला. काठावर कणसे भाजणाऱ्या मावशी ओरडल्या, “वर पाऊस झालाय, निघा रे पोरांनो!” आम्ही बाहेर आलो ते त्यांच्या धाकाने, अकलेने नव्हे. हातातला चहा संपेपर्यंत आमचा खडक दिसेनासा झाला होता.

बाणेरहून : कामशेतला पॅराग्लायडिंगसाठी गेलो असता वाऱ्याची दिशा दाखवायला काठीला बांधलेली कापडाची पट्टी सारखी दिशा बदलत होती, म्हणून प्रशिक्षकाने दोन तास बसवून ठेवले आणि न उडवताच परत पाठवले. संतापून मी त्यांना एक तारा दिला आणि तिखट अभिप्राय लिहिला. तो अजून तिथेच आहे, आज काढतो.