बफेलोतला पहिला हिवाळा: ड्राइव्हवेवरचा स्नो काढायला काय घ्यावं?

सोलापूरकर:

नमस्कार मंडळी. सात वर्षं टेक्ससला अपार्टमेंटमध्ये काढली, आता जुलैत न्यूयॉर्क राज्यात, बफेलोच्या दक्षिणेला, हॅम्बर्गमध्ये घर घेतलंय. ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साधारण ६० फूट लांब, १६ फूट रुंद. गॅरेजसमोरचा अर्धा काँक्रीटचा, रस्त्याकडचा अर्धा खडीचा. बायकोच्या शिफ्ट रात्री असतात, मुलगी दोन वर्षांची, म्हणजे स्नो मलाच काढायचाय. दुकानात ३० डॉलरच्या फावड्यापासून दीड हजाराच्या मशीनपर्यंत सगळं एका रांगेत मांडलेलं. तिथला मुलगा म्हणाला, सिंगल-स्टेज ब्लोअर (स्नो उडवून बाजूला टाकणारं छोटं मशीन) पुरेल. पुरेल का? बजेट हजार-बाराशे.

आणखी एक. बाबा सोलापूरहून आलेत, वय ७१. ते म्हणतात, "मशीन कशाला? जन्मभर खोरं चालवलंय मी." त्यांना काय सांगू?

रॉचेस्टरवाला:

मी स्नो काढायचं सीझनचं कंत्राट देतो. काम चांगलं होतं, पण आमचा माणूस नऊला येतो आणि मला सातला निघायचं असतं. त्यामुळे फावडं सुटलेलं नाहीच. कंत्राट देणार असाल तर वेळ लेखी ठरवून घ्या.

ईरीकाठची काकू:

तुझ्याच शेजारी, ऑर्चर्ड पार्कला राहते. इथला हा माझा एकोणिसावा हिवाळा. माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल, म्हणून अरे-तुरे करते.

दुकानातल्या त्या मुलानं तुला खडीबद्दल विचारलं का? सिंगल-स्टेजची रबरी पाती जमिनीला घासत फिरतात. खडीवर चालवलंस तर स्नोबरोबर खडे उडतील, आणि ते समोरच्याच्या खिडकीपर्यंत जातात. तुला टू-स्टेजच हवा, २४ इंची, इलेक्ट्रिक स्टार्टवाला. त्यात पुढचा स्क्रू स्नो आत ओढतो आणि मागचा पंखा तो लांब फेकतो. दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या खाली सरकवल्या की मशीन जमिनीपासून इंचभर वर राहतं. खडीवर तेवढा थर राहू दे, तो दाबला जातो आणि वर चालता येतं. काँक्रीटवर उरलेला थर रुंद पुशरनं (ढकलायच्या फावड्यानं) ढकलून टाक.

पण मशीन घ्यायचं ते ड्राइव्हवेवरच्या स्नोसाठी नव्हे, ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो कडेला सारणारी गाडी, जो बांध घालून जाते त्याच्यासाठी. रस्त्यावरचा चिखलमिश्रित, मीठ मुरलेला, दाबलेला स्नो असतो तो. गुडघाभर. सकाळी काढला तर निघतो, दुपारनंतर दगड होतो. छोट्या मशीनची दमछाक तिथेच होते. त्यावर एक युक्ती सांगते. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड करून उभा राहा. ड्राइव्हवेचा स्नो उजवीकडे टाकायचा. डावीकडे रस्त्याच्या कडेला आठ-दहा फुटांची जागा आधीच मोकळी करून ठेवायची. प्लाऊ डावीकडून येतो, त्याच्या पात्यावरचं बरंचसं ओझं त्या मोकळ्या जागेत पडतं आणि तुझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी थोडंच उरतं. हे मला आमच्या समोरच्या पोलिश आजोबांनी शिकवलं.

त्याच आजोबांची दोन बोटं गेली आहेत. ओला स्नो होता, मशीनची स्नो बाहेर फेकणारी चिमणी तुंबली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हात घातला. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात ताण असतो. गोळा सुटला की तो अर्धा फेरा झटकन फिरतो. मशीनबरोबर प्लॅस्टिकची काठी येते. तुंबलं की इंजिन बंद करायचं आणि तीच काठी वापरायची. हातमोजा घातलाय म्हणूनही हात घालायचा नाही. आणि मशीन गॅरेजमध्ये सुरू करू नकोस, दार उघडं असलं तरी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याकडे सुमारे ८० इंच पडला. दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. मशीनचं तोंड २१ इंच उंच, त्याला ते झेपेना. आधी फावड्यानं वरचा थर पाडायचा, मग मशीन, असं करत रस्त्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. चूक माझीच होती. थांबेल थांबेल म्हणून मी आत बसून राहिले. तू तसं करू नकोस. सहा-आठ इंच साचला की एक फेरी मारायची, रात्री दोन वाजले असले तरी. आपल्याकडचा हा स्नो ईरी सरोवराच्या वाफेतून येतो, म्हणून सरोवर गोठेपर्यंत, म्हणजे बहुधा जानेवारीपर्यंत, असं कधीही होऊ शकतं.

आता बाबांचं. खोरं माती ओढतं, फावडं स्नो उचलतं. उचलण्यातच घात आहे. तुझ्या ड्राइव्हवेवर सहा इंच हलका स्नो पडला तरी वजन सव्वा टनाच्या वर जातं, ओला असेल तर त्याच्या तिप्पट. थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात श्वास रोखून वजन उचललं की सगळा भार हृदयावर येतो. २०१५ च्या फेब्रुवारीत माझ्या यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा फावडं त्यांच्या हातातच होतं. देवाची कृपा, वाचले. बाबांना हे माझं नाव सांगून वाचून दाखव. काम द्यायचंच असेल तर गाडीवरचा स्नो झाडायला लांब दांड्याचा ब्रश दे. पायऱ्यांवर मीठ टाकणंही त्यांच्याकडे दे, फक्त बुटांना खिळ्यांच्या साखळ्या हव्यात. साधं मीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा वाळू टाकायची.

मिनियापोलिसकर:

काकूंशी सहमत. माझा बॅटरीचा ब्लोअर आमच्या कोरड्या स्नोला छान चालतो, पण बॅटरी घरात उबेला ठेवावी लागते आणि प्लाऊच्या बांधात ती भराभर उतरते. हॅम्बर्गला मी पेट्रोलचंच घेतलं असतं.

सोलापूरकर:

काकू, बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचे यजमान आता कसे आहेत ते विचार." टू-स्टेज बुक केलाय. दुकानदार शिअर पिन म्हणून काहीतरी जास्तीचं घ्या म्हणतोय. घेऊ का?

ईरीकाठची काकू:

यजमान ठणठणीत आहेत, रोज दोन मैल चालतात. बाबांना नमस्कार सांग.

पिना घेच, निदान सहा. स्क्रूत बर्फाचा गोळा किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी अडकली की आधी ती पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी साधा बोल्ट कधी घालू नकोस, तो तुटत नाही. मी चार पिना आणि एक पाना पिशवीत घालून मशीनच्या दांड्यालाच टेपनं चिकटवून ठेवते. पहाटे पाचला, अंधारात, गॅरेजमध्ये शोधाशोध करायची वेळ येत नाही. आणि एप्रिलमध्ये टाकी रिकामी होईपर्यंत मशीन चालव, नाहीतर जुन्या पेट्रोलनं कार्बुरेटर चोंदतो.